सिलोमच्या देवळाबाहेर भेटलेल्या दादांना, अयुथ्थयाच्या गाडीबद्दल

दादा, नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं, म्हणून हे पत्र असं सगळ्यांसमोर लिहितोय, कोणीतरी वाचून तुमच्यापर्यंत पोचवेल अशी आशा आहे. ओळख पटावी म्हणून सांगतो, बँकॉकमध्ये सिलोम रोडवर ते मारिअम्मनचं देऊळ आहे ना, तमिळ लोकांनी बांधलेलं, थाई लोक पण रांगा लावून ओवाळत असतात ते, तिथे संध्याकाळी चपला काढताना माझी आई बाबांवर ओरडत होती की "अहो पाकीट आतल्या खिशात घाला आधी" आणि मागून तुम्ही म्हणालात, "काकू, इथे नाही जात पाकीट, या निवांत." परदेशात मराठी ऐकलं की आईचा चेहरा कसा होतो ते तुम्ही पाहिलंच.

दर्शन झाल्यावर बाहेर हारवाल्यांजवळ उभं राहून मी तुम्हाला माझी अडचण सांगितली. दुसऱ्या दिवशी अयुथ्थयाला, थायलंडच्या जुन्या राजधानीला, जायचं होतं आणि मी अकोल्याहून निघायच्या आधीच एक्सेलमध्ये सगळे ऑप्शन टाकून ठेवले होते, ट्रेन, व्हॅन, बस, टॅक्सी, बोट, प्रत्येकासमोर भाडं आणि वेळ, आणि तरीही काही ठरत नव्हतं. त्यात हॉटेलच्या खाली बसणारा टूरवाला रोज सकाळी भेटला की सांगायचा, पब्लिक ट्रान्सपोर्टने म्हाताऱ्या माणसांना नेऊ नका, फार त्रास होतो, माझी गाडी घ्या. दोन दिवस तेच ऐकून मी त्याला जवळजवळ हो म्हणणार होतो.

तुम्ही भाडं विचारलं नाहीत की वेळ विचारली नाहीत. आधी आईकडे बघून विचारलंत, "काकू, गुडघे कसे आहेत?" मग बाबांना, "काका, तुम्ही काय करत होता?" बाबा म्हणाले रेल्वेत होतो. तुम्ही हसलात आणि म्हणालात, झालं मग, ठरलं. माझ्या एक्सेलमध्ये गुडघ्याचा कॉलमच नव्हता हो दादा!

मग सेव्हन इलेव्हनच्या बिलाच्या मागे तुम्ही जे लिहून दिलंत ते मी अजून जपून ठेवलंय, आणि पुढे कोणी आईबाबांना घेऊन जाणार असेल तर त्यांच्याही उपयोगाला यावं म्हणून इथे जरा सविस्तर लिहितो.

व्हॅन तुम्ही आधीच बाद केलीत. मो चितच्या बस टर्मिनलवरून मिनीव्हॅन सुटतात, स्वस्त आहेत, रस्ता मोकळा असला तर सव्वा-दीड तासात पोचवतात, एकटादुकटा माणूस असेल तर उत्तमच. पण सीटा अडचणीच्या, पाय लांब करता येत नाहीत, मध्ये टॉयलेट नाही, आणि मोठी बॅग असली तर तिच्यासाठी पण एक सीट घ्यावी लागते. आणि तुम्ही सांगितलंत ते मला कुठेच वाचायला मिळालं नव्हतं, की मो चित नावाचं स्काय ट्रेनचं स्टेशन वेगळं आणि मो चितचं बस टर्मिनल वेगळं, दोन्ही चांगले लांब आहेत, लोक स्काय ट्रेनने उतरतात आणि टर्मिनल शोधत उन्हात फिरतात. मी शंभर टक्के तेच केलं असतं. टॅक्सी म्हणजे नुसतं जायचेच हजार बाहतच्या पुढे. बोटीचं बाबांना फार आकर्षण होतं, चाओ फ्राया नदीतून थेट जुन्या राजधानीत जायचं म्हणून, पण तुम्ही समजावलंत की रोजची प्रवासी बोट नोंथाबुरीच्या आसपासच संपते, अयुथ्थयापर्यंत जाते ती टूरवाल्यांची क्रूझ, एका बाजूने बोट आणि दुसऱ्या बाजूने बस, जेवणाबिवणासकट आणि पैसे पण तसेच.

राहिली ट्रेन. त्यातही दोन स्टेशनांचा घोळ होता. जानेवारी 2023 पासून लांब पल्ल्याच्या गाड्या बांग सूच्या नवीन मोठ्या स्टेशनातून, म्हणजे क्रुंग थेप अफिवातहून सुटायला लागल्या, आणि मी गृहीत धरलं होतं की आता सगळंच तिकडे गेलं. तुम्ही म्हणालात नाही, साध्या पॅसेंजर गाड्या अजून जुन्या हुआ लाम्फोंगहूनच निघतात, तुमच्या हॉटेलपासून मेट्रोची दोन स्टेशनं, आणि नवीन स्टेशनात काकूंना इतकं चालावं लागेल की अयुथ्थयात फिरायला पाय उरणार नाहीत. जाताना हुआ लाम्फोंगहून थर्ड क्लासने जा, वेळ थोडा जास्त लागेल, पण काकांना काय बघायला मिळतंय ते बघा.

बघितलं दादा. 1916 सालचं ते स्टेशन, वरती ते अर्धगोल छत, काचेतून येणारा उजेड, बाबा नुसते मान वर करून उभे. आठ वाजले आणि राष्ट्रगीत लागलं तर अख्खं स्टेशन जागच्या जागी थांबलं, हमाल, शाळेची पोरं, सफाईवाल्या बायका, सगळे, आणि आमचे बाबा पण अटेन्शनमध्ये. तिकीट खिडकीवर तिघांचे मिळून 50 बाहतसुद्धा लागले नाहीत, मी दोनदा विचारलं की तीनच तिकिटं आहेत ना, कारण मला वाटलं एकाचंच दिलंय. सीट नंबर नाही, जिथे जागा मिळेल तिथे बसा, खिडक्या उघड्या, वर पंखे. डब्याची पायरी उंच आहे हे तुम्ही सांगून ठेवलं होतं म्हणून आईला आधी चढवलं, सामान मागून.

गाडी मीटरगेज आहे हे बाबांनी प्लॅटफॉर्मवरच ओळखलं. अकोल्याहून खंडव्याकडे जाणारी आमची जुनी मीटरगेज ज्यांनी पाहिलीय त्यांना तो हलण्याचा ताल लगेच कळतो. गाडी सुटली तशी रुळांना लागून असलेली घरं, दोरीवर वाळत घातलेले कपडे, मग हळूहळू शहर संपून हिरवं दिसायला लागलं. डब्यात बाया टोपल्या घेऊन फिरत होत्या, भाजलेलं चिकन आणि चिकट भाताची पुडकी, आई शाकाहारी म्हणून तिने आपली थालीपिठं काढली आणि समोरच्या थाई आजीला एक दिलं, आजीने दोन्ही हात जोडून घेतलं, खाल्लं का ते माहीत नाही, पिशवीत ठेवलं.

आणि तुम्ही बजावून सांगितलेली चूक मी केलीच. कागदावर तुम्ही चक्क खाली रेघ मारून लिहिलं होतं, "बांग पा-इनला उतरायचं नाही," ते अयुथ्थयाच्या आधीचं स्टेशन. गाडी थांबली, बाहेर 'बांग पा-इन' ठळक लिहिलेलं, दोन-चार गोरे लोक उतरायला लागले आणि मी घाईघाईत आईबाबांना उठवलं, बॅगा खांद्यावर. बाबांनी कागद माझ्या हातातून घेऊन माझ्याच नाकासमोर धरला. थालीपीठवाल्या आजी पण हाताने "बसा बसा" करत होत्या. बसलो गपचूप.

अयुथ्थया स्टेशन बेटाच्या बाहेर आहे, तीन नद्यांच्या मध्ये शहर आणि स्टेशन पूर्वेच्या काठावर, हे तुम्ही काढलेल्या नकाशामुळे आधीच डोक्यात होतं, म्हणून बाहेर आल्यावर गोंधळ झाला नाही. समोरच्या गल्लीतून सरळ धक्क्यावर, होडीला चिल्लर दिली, दोन मिनिटांत पलीकडे. मग ते बेडकाच्या तोंडासारखे टुकटुक. सायकली मिळतात पण काकूंना उन्हात सायकल देऊ नका असं तुम्ही म्हणाला होतात (आईला ते फार आवडलं, ती घरी सगळ्यांना सांगते की सायकल मिळत होती पण मी नको म्हटलं). टुकटुकवाल्याशी तासावर बोली केली, बसायच्या आधी.

वाट महाथात नावाच्या जुन्या बौद्ध देवळात झाडाच्या मुळांमध्ये अडकलेलं बुद्धाचं मस्तक बघितलं. फोटो काढताना आपलं डोकं त्याच्यापेक्षा खाली पाहिजे म्हणून बसावं लागतं, तर आईने गुडघे विसरून मांडीच घातली आणि हात जोडून बसून राहिली, मागे रांग लागली तरी. बाकी ओळीने बिनडोक्याच्या मूर्ती. ब्रह्मी सैन्याने 1767 मध्ये शहर जाळलं असं मी वाचून दाखवलं तर बाबा लगेच म्हणाले, म्हणजे पानिपतनंतर सहाच वर्षांनी, तेव्हा आपल्याकडे माधवराव पेशवे सगळं सावरत होते आणि इकडे चारशे वर्षांची राजधानी संपली. मग बराच वेळ कोणी बोललं नाही. नाव अयोध्येवरून आलंय हे तुमच्याकडून कळल्यामुळे आई प्रत्येक भिंतीजवळ थांबत होती.

परत येताना जी गाडी आधी मिळाली ती लांबून येणारी होती आणि क्रुंग थेप अफिवातलाच संपणारी, पण तेही तुम्ही लिहून ठेवलं होतं की घाबरू नका, खालून मेट्रो थेट सिलोमपर्यंत येते, गाडी बदलायला लागत नाही. चालावं मात्र खरंच खूप लागलं. सकाळीच तिथून निघालो असतो तर आई मांडी घालून बसूच शकली नसती. नवीन स्टेशन बाबांना काही आवडलं नाही, म्हणाले विमानतळ वाटतो, रेल्वेचा वासच नाही. घरी आल्यावर त्यांनी शोधून काढलं की सयाममधली, म्हणजे तेव्हाच्या थायलंडमधली, सरकारी रेल्वेची पहिली लाईन हीच, बँकॉक ते अयुथ्थया, 1897 मध्ये राजा चुलालोंगकोर्नने उघडली, आणि तोच राजा 1872 मध्ये हिंदुस्थानात येऊन आपली रेल्वे बघून गेला होता, मुंबईपण. हे आता अकोल्यात प्रत्येक पाहुण्याला ऐकावं लागतं, चहा मिळायच्या आधी.

एक गोष्ट राहिली. बिलाच्या तळाशी तुम्ही थाईमध्ये काहीतरी लिहिलं होतं आणि म्हणाला होतात की हे टुकटुकवाल्याला शेवटी दाखवा, विचारू नका काय आहे. दाखवलं. त्याने आम्हाला हॉस्पिटलसमोरच्या दुकानांच्या रांगेत नेऊन सोडलं, रोटी साई माई! पातळ पोळीत गुंडाळलेले म्हातारीचे केस, हिरवे आणि गुलाबी. आई म्हणाली, जत्रेतला खाऊ इथे पोळीत घालून खातात! तिथेच उभं राहून तिने दोन खाल्ले आणि शेजारच्यांसाठी पाकिटं घेतली, विमानात चिकट झाली सगळी.

आणि दादा, लिहून झाल्यावर तुमचा निळा पेन मी सवयीने माझ्याच खिशात अडकवला, तो अकोल्याला आला. आईने रिफिल बदलून ठेवलीय.

तुमचा,
गुडघ्याचा कॉलम विसरलेला अकोलेकर