सायलेन्सरआधी चेन पाहा

संपादक महोदय,

स्पोर्ट बाइकवर घरी काम करायचे म्हटले की पहिला हात जातो सायलेन्सरवर, नाहीतर मागचा मडगार्ड काढण्यावर. हौसेला मोल नाही, हे मान्य. पण त्याच बाइकच्या चेनवर बोट फिरवले तर बोटाला लालसर भुकटी लागते. कड्यांच्या सांध्यांतून अशी भुकटी येऊ लागली की आतले ग्रीस संपले आणि लोखंड लोखंडावर घासू लागले, असे समजावे. मग वरून कितीही ल्यूब मारा, ते आत पोचत नाही. चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट (चेन ज्यांवर फिरते ती पुढची-मागची दातेरी चाके) एकदमच बदलावे लागतात. झिजलेल्या दातांवर नवी चेन चढवली तर तीही लवकरच जाते.

ही वेळ येऊ नये म्हणून दर ५०० ते ७०० किलोमीटरला, आणि पावसात भिजल्यावर लगेच, चेन साफ करावी. रॉकेल आणि मऊ ब्रश पुरतो. पेट्रोल आणि तारेचा ब्रश नको, त्याने कड्यांमधले ओ-रिंग, म्हणजे ग्रीस आत धरून ठेवणाऱ्या रबरी चकत्या, खराब होतात. ल्यूब फेरी मारून आल्यावर, चेन कोमट असताना, खालच्या भागाच्या आतल्या बाजूने मारावे आणि जास्तीचे पुसावे. चाक हातानेच फिरवावे. इंजिन चालू ठेवून, पहिल्या गिअरमध्ये चाक फिरत असताना फडके लावणाऱ्यांची बोटे स्प्रॉकेटमध्ये जातात.

सर्वांत जास्त चुका ताण लावताना होतात. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून चेनच्या खालच्या भागाच्या मधोमध पट्टी धरावी आणि बोटाने चेन खाली-वर करावी. बऱ्याच स्पोर्ट बाइकना ही हालचाल २५ ते ३५ मिलिमीटर लागते. नेमका आकडा स्विंगआर्मवरच्या (मागचे चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या) स्टिकरवर किंवा मॅन्युअलमध्ये असतो. साइड स्टँडवर मोजायचे की मागचे चाक उचलून, तेही तिथेच दिलेले असते. चेन सगळीकडे सारखी झिजत नाही, म्हणून चाक थोडे थोडे फिरवून चार-पाच ठिकाणी मोजावे आणि जिथे ती सर्वांत ताठ असेल तिथे ताण जुळवावा. ‘जरा घट्टच बरी’ ही समजूत महागात पडते. मागचे शॉक दबताना पुढचे स्प्रॉकेट, स्विंगआर्मचा पिव्हट (तो फ्रेमला जोडलेला असतो तो सांधा) आणि मागचा ॲक्सल (चाकाचा आस) एका रेषेत येतात, तेव्हा चेनला सर्वांत जास्त लांबी लागते. ढील उरली नसेल तर सगळा ओढा गिअरबॉक्सच्या शाफ्टवरील बेअरिंगवर येतो. ढिली चेन निदान आवाज तरी करते.

ताण कमी-जास्त करणारे दोन्ही बाजूंचे ॲडजस्टर पाव-पाव फेऱ्यानेच फिरवावेत. स्विंगआर्मवरच्या खुणांवर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. पिव्हटपासून ॲक्सलपर्यंतचे अंतर दोन्हीकडे टेपने मोजावे. ॲक्सलचा नट टॉर्क रेंचने, म्हणजे ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने, आवळावा (पान्यावर पाय देऊन उभे राहणे म्हणजे टॉर्क नव्हे) आणि आवळल्यावर ढील पुन्हा मोजावी, कारण ती हमखास सरकते.

पिकअपसाठी पुढच्या स्प्रॉकेटचा एक दात कमी करण्याची टूम आहे. पुढे १५ आणि मागे ४५ दात असतील तर गुणोत्तर ३ येते, १४ आणि ४५ चे ३.२१. म्हणजे त्याच वेगाला इंजिन सुमारे ७ टक्के जास्त फिरते. स्पीडोमीटरचा सेन्सर गिअरबॉक्सकडे असेल तर वेगही तेवढाच जास्त दिसतो. शिवाय लहान स्प्रॉकेटवर चेन जास्त वाकते आणि स्विंगआर्मच्या रबरी पट्टीवर घासते. मागे ३ दात वाढवून जवळजवळ तेच गुणोत्तर मिळते, फक्त चेन लांब लागू शकते.

क्लिप-ऑन हँडल (पुढच्या फोर्कला थेट आवळलेले, खाली असलेले दोन तुकड्यांचे हँडल) बसवल्यावर इंजिन आयडलवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न देता चालू, ठेवून हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत वळवावे. आरपीएम वाढले तर ॲक्सिलरेटरची केबल ताणली जात आहे. ब्रेकचा पाइप ताणलेला नको आणि लीव्हर टाकीला लागायला नको. एलईडी इंडिकेटर भराभर लुकलुकू लागले तर बिघाड शोधत बसू नका, एलईडीसाठीचा फ्लॅशर (इंडिकेटर लुकलुकवणारा रिले) टाका.

ब्रेक ऑइलचे मात्र कुणालाच सुचत नाही, कारण ते दिसत नाही. ते हवेतला ओलावा शोषते. ताजे डॉट ४ (ब्रेक ऑइलची एक प्रत) किमान २३० अंश सेल्सिअसला उकळते, ओलावा धरलेल्याची हमी १५५ अंशांपर्यंतच असते. उकळले की पाइपात वाफ होते आणि लीव्हर स्पंजासारखा दबतो. म्हणून ते दर २ वर्षांनी बदलावे. त्यात सिलिकॉनचे डॉट ५ कधीही मिसळू नये. रंगावर सांडले तर लगेच पाण्याने धुवावे. आणि पॅड बदलल्यावर गाडी स्टँडवरून काढण्याआधी लीव्हर घट्ट लागेपर्यंत दाबत राहावे. पॅड दाबणारे पिस्टन मागे ढकललेले असतात, त्यामुळे सुरुवातीला लीव्हर नुसताच मुठीला येऊन टेकतो.

— एक वाचक