नोबिताची जोडी डोरेमॉनशीच

संपादक महोदय,

ॲनिमेशन मालिकांतल्या जोड्या म्हटलं की आधी टॉम आणि जेरी आठवतात. ती जोडी खरं तर १९४० मध्ये सिनेमागृहांसाठी जन्मली, टीव्हीवर नंतर आली. मला मात्र नोबिता आणि डोरेमॉन जास्त जवळचे वाटतात. एक जण शून्य गुणांची उत्तरपत्रिका आईपासून लपवतो; दुसरा बाविसाव्या शतकातला यंत्रबोका, तोही उंदीर दिसला की थरथर कापतो! पोटावरच्या खिशातून डोरेमॉन हवं ते काढून देतो, नोबिता हट्टापायी त्याचा घोळ करतो, आणि निस्तरायला पुन्हा दोघं. १९६९ पासूनच्या ‘स्कूबी-डू’ मालिकेतले स्कूबी कुत्रा आणि त्याचा मित्र शॅगीही तसेच. भुताची चाहूल लागताच एवढा थोरला कुत्रा मित्राच्या कडेवर उडी मारतो!

– एक वाचक