नवरात्राआधी खोल्यांची नोंद हवी

शारदीय नवरात्र ते कोजागरी, तुळजापुरात घरोघरी खोल्या दिवसाच्या भाड्याने दिल्या जातात. भाविकांना त्यांची गरज आहेच. सरसकट बंदी नको. पण विनानोंद खोल्यांत खरा धोका आगीचा आहे. घरगुती वीजजोडणीचा मंजूर भार बहुधा एक-दोन किलोवॅट, आणि एकेक गिझरच दोन किलोवॅटचा. पहाटे देवीच्या चरणतीर्थ पूजेच्या वेळी चार गिझर एकदम लागले की वायर तापते, जोड वितळतात. त्यात जिन्याखाली १४.२ किलोची घरगुती सिलिंडरे, खिडक्यांना पक्के गज, उतरायला तोच एक जिना! माणसे सुटणार कशी?

नगरपरिषदेने घटस्थापनेच्या महिनाभर आधी वॉर्डवार पाहणी करावी. वीजभार वाढवल्याचा कागद, व्यावसायिक सिलिंडर, प्रत्येक मजल्यावर अग्निशामक यंत्र आणि आतून उघडणारी एक तरी खिडकी, एवढे असेल तरच नोंदणी क्रमांक द्यावा. तो दारावर, दरपत्रकाशेजारी लावावा. ओळखपत्रासह मुक्कामाची नोंदवही हवीच. बिगरनिवासी मालमत्ता कर मात्र वापराच्या दिवसांपुरता घ्यावा, नाहीतर लोक नोंदणीच टाळतील. मोबाइलवर जाहिरात करणाऱ्यांनाही हाच नियम.

– एक वाचक, तुळजापूर (जि. धाराशिव)