आईच्या पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेविषयी दादास पत्र

बर्लिन

ती. दादास,
सप्रेम नमस्कार.

आईची सोनोग्राफी आणि रक्ताचे अहवाल तू कोल्हापुरातून पाठवलेस ते मी नीट वाचले आणि आमच्या वॉर्डातील एका ज्येष्ठ सर्जनांनाही दाखवले. बेळगावच्या डॉक्टरांनी पोट उघडूनच पित्ताची पिशवी काढावी लागेल असे सांगितल्यापासून, तिला कोल्हापूरला नाहीतर थेट पुण्याला न्यावे आणि दुर्बिणीतून करून घ्यावे, असा तुझा आग्रह आहे. त्यामागची काळजी मला कळते. परंतु आईची शस्त्रक्रिया बेळगावातच, त्याच डॉक्टरांच्या हातून आणि पोट उघडूनच व्हावी असे माझे मत आहे.

अहवालात तीन गोष्टी आहेत: पित्ताशय आकसलेले आहे, त्याची भिंत जाड झाली आहे आणि एक खडा त्याच्या मानेपाशी अडकून बसला आहे. त्यात आपण लहान असताना जठराला छिद्र पडून तिच्या पोटाची मोठी शस्त्रक्रिया झाली होती, तिचा व्रण बरोबर वरच्या पोटावरच आहे. अशा पोटात आतडी, चरबीचा पडदा आणि यकृताची खालची बाजू एकमेकांना चिकटलेली असतात. पित्ताशयाची नळी आणि त्याची रक्तवाहिनी बांधून कापायची असते, आणि यकृताकडून येणारी मुख्य पित्तनलिका तिथूनच अगदी जवळून जाते. सुजेमुळे सारे एकजीव झालेले असेल तर चुकून ती मुख्य नलिकाच कापली जाण्याचा धोका असतो, आणि ती दुखापत पुढे अनेक वर्षे छळते. म्हणून दुर्बीण घातल्यावरसुद्धा, आतले स्पष्ट दिसत नसेल तर अनुभवी सर्जन मध्येच थांबतात आणि पोट उघडतात. हे डॉक्टर दुर्बिणीच्या शस्त्रक्रिया नेहमी करतात असे तूच लिहिले आहेस. तरीही ते आधीच उघडण्याचे सांगत आहेत, याचा अर्थ त्यांनी आईचे पोट नीट विचारात घेतले आहे असाच मी घेते.

तुला ही पद्धत मागासलेली वाटते, म्हणून थोडे विषयांतर करते. पित्ताशय काढण्याची पहिली शस्त्रक्रिया याच बर्लिन शहरात, लाझारस रुग्णालयात, कार्ल लांगेनबुख यांनी १५ जुलै १८८२ रोजी केली. तोपर्यंत पित्ताशय चिरून नुसते खडे काढत आणि ते पुन्हा होत. लांगेनबुख यांचे म्हणणे असे की पित्ताशय काढायचे ते त्यात खडे आहेत म्हणून नव्हे, तर ते खडे तयार करते म्हणून. दुर्बिणीची पद्धत आली ती जर्मनीतच १९८५ साली एरिख म्यूहे यांच्यापासून, आणि भारतात १९९० साली मुंबईत डॉ. तेहेम्टन उदवाडिया यांनी ती आणली. मधली शंभर वर्षे जगभर सगळ्यांची पिशवी पोट उघडूनच निघत होती. उलट आता उघड्या शस्त्रक्रियेवर हात बसलेले सर्जन कमी होत चालले आहेत, आणि आईला तसा एक मिळतो आहे.

पिशवी काढल्यावर अन्न कसे पचणार, हा तिचा प्रश्न रास्त आहे. पित्त यकृतात तयार होते. पित्ताशय ते फक्त साठवून घट्ट करते. पिशवी गेली की पित्त थेट आतड्यात थोडे थोडे उतरत राहते. घोड्याला तर जन्मतःच पित्ताशय नसते, हे तिला सांग, ती हसेल. शेजारच्या काकूंचे कुळथाचे कढण मात्र थांबव. लोक ते मुतखड्यासाठी पितात. पित्ताशयातील खड्यापर्यंत ते पोचतही नाही.

आता तयारीचे. आई मिश्री लावते हे डॉक्टरांना सांगायला ती लाजेल, तेव्हा तू सांग, आणि आजपासून ती बंद करायला लाव. तंबाखूने फुप्फुसे आणि जखम भरणे दोन्ही बिघडतात. रक्त पातळ ठेवण्याची गोळी कधी थांबवायची हे भूलतज्ज्ञांना विचारल्याशिवाय ठरवू नका. संमतीपत्र बहुधा कानडीत किंवा इंग्रजीत असेल. तिला बाजारापुरते कानडी येते, पण सहीसाठी ते पुरेसे नाही. मजकूर मराठीत समजावून देण्याची विनंती करा, बेळगावात ते कठीण नाही. खर्चाचे म्हणशील तर महाराष्ट्राची महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना २०२३ साली सीमाभागातील ८६५ गावांसाठी लागू करण्याचा निर्णय झाला होता. आपले गाव त्या यादीत आहे का आणि हे इस्पितळ योजनेत बसते का, हे दाखल होण्यापूर्वीच विचारून घे.

खरी कसोटी शस्त्रक्रियेनंतरची आहे, आणि ते माझे रोजचे काम असल्यामुळे यावर जास्त लिहिते. चीर उजव्या बरगड्यांच्या खाली तिरकी असते, त्यामुळे श्वास घेतानाही दुखते. माणूस मग वरवर श्वास घेतो, खोकणे टाळतो, कफ साचतो आणि न्यूमोनिया होतो. आपली आई कुरकुर न करता सोसणारी आहे, आणि इथे तेच नडेल. दुखणे दाबून न ठेवता वेळेवर औषध घेतले तरच तिला खोल श्वास घेता येईल, हे तिला शस्त्रक्रियेच्या आधीच पटवून द्या. खोकताना उशी पोटावर घट्ट धरायची, श्वासाच्या व्यायामासाठी देतात त्या तीन चेंडूंच्या उपकरणात जागेपणी दर तासाला दहा वेळा श्वास ओढायचा, आणि डॉक्टरांची परवानगी मिळताच, बहुतेक दुसऱ्याच दिवशी, धरून का होईना उठून चालायचे. पोटातून नळी बाहेर काढलेली असेल तर घाबरू नका, ती काही दिवसांत काढतात. मात्र तिच्यातून हिरवट-पिवळे पित्त येऊ लागले तर लगेच सांगा.

चार-पाच दिवसांत घरी सोडतील असे धरा, पण कामाला लागायला दीड महिना लागेल. घागर, भाताचे पोते, नातवंडाला कडेवर घेणे, सगळे वर्ज्य. ओझ्याने चिरेच्या जागी हर्निया होतो. धूळवाफ पेरणी आणि पुढची भांगलण यंदा तिच्याविना होऊ दे. सुरुवातीला पेज, मऊ भात, मुगाचे वरण आणि थोडे थोडे खाणे. भेटायला येणारे कुंद्याचे डबे आणतील. ते तुम्ही खा, तिला महिनाभर तूप आणि तळलेले पदार्थ बेतानेच.

ताप, थंडी, डोळे पिवळे होणे, लघवी गडद आणि शौच पांढरट होणे, जखमेतून पू येणे किंवा पिंढरी सुजणे, यांपैकी काहीही दिसले तर रात्र काढू नका, सरळ बेळगावला न्या. आणि काढलेले पित्ताशय तपासणीला पाठवले आहे ना, हे डॉक्टरांना विचार. भिंत जाड असताना ती तपासणी व्हायलाच हवी. त्याचा अहवाल आला की मला पाठव.

आईला नमस्कार, वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी धाकटी बहीण