कुडा म्हणजे नक्की कुठला कुडा?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत 'वनस्पतीशास्त्र शिका घरबसल्या' असा मोठा लेख आला होता, त्यात पंचवीस वेबसाइटची यादी होती. चांगली होती, कापून ठेवलीय. पण त्याच पुरवणीत दोन पानं उलटली की कुड्याच्या झाडावर एक सुंदर ललित लेख होता, फोटोसकट, आणि त्या अख्ख्या लेखात झाडाचं शास्त्रीय नाव एकदाही नाही. म्हणजे एका पानावर तुम्ही पंचवीस दारं दाखवता आणि दुसऱ्या पानावर चावीच देत नाही. कारण त्या पंचवीसपैकी निदान वीस साइटवर 'कुडा' टाइप केलं तर काहीही येत नाही, किंवा भलतंच येतं. हे पत्र त्यासाठीच लिहितेय.

मी बीएस्सी बॉटनी करून नंतर पूर्ण वेगळ्या नोकरीत गेले, आता मुलगी वनशास्त्र शिकतेय म्हणून वीस वर्षांनी परत त्यात डोकं घातलंय. आमच्या वेळी एक झाड ओळखायचं म्हणजे जाडजूड फ्लोरा, म्हणजे एखाद्या भागातल्या वनस्पतींची माहिती देणारं पुस्तक, उघडून त्यातली 'की', म्हणजे एकेका लक्षणावरून नावापर्यंत नेणारी प्रश्नमालिका, चालवत बसायचं, पान समोरासमोर की एकाआड एक, चीक आहे की नाही, असं एकेक पायरी. आता मुलगी फोन काढते, फोटो काढते, दोन सेकंदात नाव. मला सुरुवातीला हेवाच वाटला खरं सांगायचं तर.

पण झालं काय, तिच्या प्रोजेक्टमध्ये हाच कुडा होता. तिने फक्त पानाचा फोटो काढला, फुलं नव्हती तेव्हा, ॲपने तीन नावं दाखवली, तिने सगळ्यात वरचं उचललं आणि लिहून मोकळी झाली. सरांनी विचारलं, शेंगा बघितल्यास का? नाही बघितल्या. आता मराठीत आपण कुडा म्हणतो ती निदान तीन झाडं आहेत. पांढरा कुडा म्हणजे होलॅरिना प्युबेसेन्स, काळा कुडा म्हणजे रायटिया टिंक्टोरिया, आणि तांबडा कुडा रायटिया आर्बोरिया. तिघंही एकाच कुळातली, करवीर आणि सदाफुलीच्या, तिघांना चीक, तिघांची पानं समोरासमोर, त्यामुळे नुसत्या पानावर मी मी म्हणणारे फसतात. पण पहिल्या दोघांच्या शेंगा बघा. दोघांनाही लांब बारीक शेंगांची जोडी लटकते, काळ्या कुड्यात त्या जोडीची टोकं एकमेकांना चिकटलेली असतात, चिमट्यासारखी, आणि पांढऱ्या कुड्यात दोन्ही शेंगा सुट्या. फुलात तर आणखी सोपं, रायटियाच्या फुलात मधोमध झालर असते आणि परागकोश एकत्र येऊन सुळक्यासारखे बाहेर आलेले दिसतात, होलॅरिनात झालर नाही आणि परागकोश नळीच्या आत लपलेले. ॲपला हे सगळं कळतं, पण फुलाचा फोटो दिला तर. प्लांटनेट नावाचं ॲप तर तुम्हाला विचारतं पण, हे पान आहे का फूल का फळ का साल, तो प्रश्न आपण घाईत पुढे ढकलतो.

आणि ही नुसती परीक्षेतल्या मार्कांची गोष्ट नाहीये. औषधात वापरतात ती साल पांढऱ्या कुड्याची आणि तिच्यात काळ्या कुड्याची भेसळ होते हे औषधी वनस्पतींवर काम करणाऱ्या सगळ्यांना माहितीय. बियांना दोन्हीकडे इंद्रजवच म्हणतात, एक कडू एक गोड. आता तुमच्या लेखात 'कुडा औषधी आहे' असं वाक्य आहे. कुठला कुडा? लेखकाने कुठला बघितला? फोटो पानांचाच आहे, शेंगा नाहीत, त्यामुळे मलाही सांगता येईना.

बरं शास्त्रीय नाव दिलं की सगळं सुटलं असंही नाही, आणि इथेच त्या यादीवर माझा खरा आक्षेप आहे, की यादीत सगळ्या साइट एका रांगेत उभ्या केल्यात, कुठे काय विचारायचं ते सांगितलंच नाही. जुन्या पुस्तकांत पांढऱ्या कुड्याचं नाव होलॅरिना अँटिडिसेंटेरिका असं सापडतं. आणि रायटिया अँटिडिसेंटेरिका नावाचं एक वेगळंच झुडूप आहे, मूळ श्रीलंकेचं, बागेत शोभेसाठी लावतात, पांढरी चांदणीसारखी फुलं. शेवटचा शब्द सारखा, झाड वेगळं. नेटवर या दोघांची इतकी खिचडी झालीय की एकाच्या माहितीखाली दुसऱ्याचा फोटो सर्रास दिसतो. अशा वेळी गूगलच्या पहिल्या पानावर भरवसा ठेवायचा नाही, सरळ प्लांट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइनवर जायचं. ही लंडनच्या क्यू गार्डन्सची साइट आहे, 2017 साली सुरू झाली, फुकट आहे. तिथे कुठलंही जुनं नाव टाका, ती सांगते की आज मान्य नाव कुठलं आणि हे त्याचं समानार्थी. मी मुलीला सांगितलंय की बाकी काही कर नको कर, आधी तिथे नाव तपास.

आयपीएनआयचं (इंटरनॅशनल प्लांट नेम्स इंडेक्स) काम वेगळं, ते नावांचं जन्मरजिस्टर. कुठलं नाव कोणी, कुठल्या साली, कुठल्या पुस्तकात पहिल्यांदा छापलं एवढंच ते सांगतं, बरोबर की चूक यात पडत नाही. हे रजिस्टर ज्या जुन्या सूचीवरून वाढलं त्या इंडेक्स क्यूएन्सिससाठी पैसे चार्ल्स डार्विनने दिले होते, हे मला अलीकडे कळलं. तो 1882 मध्ये गेला, पहिले खंड 1893 पासून आले. आणि द प्लांट लिस्ट नावाची साइट अजूनही विद्यार्थी संदर्भ म्हणून लिहितात, ती 2013 पासून गोठलेली आहे, तिच्या जागी वर्ल्ड फ्लोरा ऑनलाइन आलं. तुमच्या यादीत प्लांट लिस्ट चौथ्या नंबरवर आहे, कृपया काढा.

नावं बदलतात म्हणून लोक वैतागतात, मी पण वैतागले होते. आम्ही बाभळीला ॲकेशिया निलोटिका पाठ केलं, आता ती वॅकेलिया निलोटिका झाली, खैर सेनेगॅलिया झाला. मुलीला वाटलं आईचं पुस्तक चुकीचं. पण कारण कळलं की राग जातो. तुळशीचंच घ्या ना. आम्ही ऑसिमम सँक्टम शिकलो, मान्य नाव आता ऑसिमम टेन्यूइफ्लोरम. दोन्ही नावं लिनियसनेच, म्हणजे शास्त्रीय नावांची पद्धत रूढ करणाऱ्या शास्त्रज्ञाने, दिलेली! टेन्यूइफ्लोरम 1753 चं, सँक्टम 1767 चं, दोन्ही एकच झाड आहे असं नंतर ठरलं आणि नियम असा की आधीचं नाव टिकणार. चौदा वर्षांनी थोरलं म्हणून ते जिंकलं, बस.

आणि गंमत म्हणजे ते 1753 चं पान तुम्ही फोनवर बघू शकता, बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीवर. मला त्या यादीतली सगळ्यात आवडती साइट हीच, आणि तुमच्या लेखात तिला अर्धी ओळ. जुने फ्लोरा, जुनी जर्नल्स, हाताने रंगवलेली चित्रं, कोट्यवधी पानं स्कॅन केलेली, सगळं फुकट. एक अडचण सांगते जी कोणी सांगत नाही: जुन्या छपाईत एस हे अक्षर लांब, एफसारखं दिसणारं असायचं, मशीन ते एफ म्हणून वाचतं, त्यामुळे शोधात शब्द सापडत नाही आणि आपल्याला वाटतं पुस्तकात नाहीच. अशा वेळी शोध सोडून पान नंबरने जायचं, पान नंबर आयपीएनआय देतं. दोन्ही साइट अशा एकमेकीला जोडून वापरल्या तरच उपयोग.

नकाशे बघायचे असतील, म्हणजे एखादं झाड जगात कुठे कुठे सापडलं, तर जीबीआयएफ (ग्लोबल बायोडायव्हर्सिटी इन्फर्मेशन फॅसिलिटी). पण तिथले ठिपके डोळे मिटून खरे मानायचे नाहीत. मुलीने एकदा नकाशा काढला तर एक झाड आफ्रिकेच्या पश्चिमेला भर समुद्रात उगवलेलं. कुणीतरी अक्षांश रेखांश भरलेच नाहीत, मशीनने शून्य शून्य धरलं. याला तिथे नल आयलंड म्हणतात, म्हणजे हा घोळ इतका नेहमीचा आहे की त्याला नाव पडलंय. शिवाय तिथे एक फिल्टर आहे, नोंद हर्बेरियमच्या, म्हणजे वाळवून कागदावर चिकटवलेल्या वनस्पतींच्या संग्रहातल्या, नमुन्यावरून आलीय की कुणी नुसतं बघून टाकलीय ते वेगळं करता येतं. प्रोजेक्टसाठी आधी नमुन्यांच्या नोंदी बघाव्यात असं माझं मत, कारण शंका आली तर ती शीट परत कुणीतरी उघडून तपासू शकतं, बऱ्याच शीटचे स्कॅन तर तिथेच असतात, इतके मोठे की पानाच्या मागची लव दिसते. आयनॅचरलिस्ट या लोकांनी आपली निरीक्षणं टाकायच्या साइटवरचा फोटो 'रिसर्च ग्रेड' झाला म्हणजे सत्य झाला असंही नाही, नाव लावणाऱ्यांपैकी दोन तृतीयांशांपेक्षा जास्त लोकांचं एकमत झालं एवढाच त्याचा अर्थ, आणि एकमत म्हणजे कधीकधी दोनच माणसं. तरी साइट चांगलीय, मी स्वतः टाकते, आणि दुर्मिळ झाडांची नेमकी जागा ती मुद्दाम लपवते हे मला फार आवडलं.

आता वनशास्त्राचं. तुमच्या लेखात याला एक परिच्छेद आणि त्यात वाक्य असं की 'ग्लोबल फॉरेस्ट वॉचवर जंगलतोडीचे ताजे आकडे मिळतात'. नाही हो. तिथे मिळतं ते वृक्षाच्छादन किती गेलं ते. उपग्रहाच्या चित्रात तीस मीटर बाय तीस मीटरचा एक चौकोन, त्यात पाच मीटरपेक्षा उंच झाडोरा होता आणि आता नाही, एवढं मशीनला दिसतं. ते जंगल जळलं, की कुणी लावलेली निलगिरी ठरल्या वेळी कापली आणि पुढच्या वर्षी परत लावणार, की पाम तेलाची बाग होती, हे त्या एका आकड्यातून कळत नाही. उलट संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना, म्हणजे एफएओ, जे जंगल मोजते त्याची व्याख्या वेगळी, अर्धा हेक्टरपेक्षा जास्त जमीन, पाच मीटरपेक्षा उंच झाडं, दहा टक्क्यांपेक्षा जास्त जमिनीवर झाडांच्या फांद्यापानांचं छत्र, आणि मुख्य म्हणजे जमिनीचा वापर जंगलाचा हवा. म्हणून कापलेली पण परत उगवणार असलेली जागा त्यांच्या हिशोबात जंगलच राहते. त्यांच्याकडे रबराची लागवड जंगलात धरतात, पाम तेलाची धरत नाहीत, फळबागा पण नाही. त्यांच्या 2020 च्या अहवालात जगात 406 कोटी हेक्टर जंगल होतं, जमिनीच्या 31 टक्के. आता एका देशाचे या दोन साइटवरचे आकडे शेजारी ठेवले तर एकीकडे तोटा दिसेल आणि दुसरीकडे वाढ, आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर असतील. मुलीच्या वर्गात यावरून भांडण झालं, अर्ध्या वर्गाचं म्हणणं कुणीतरी खोटं बोलतंय. व्याख्येचं पान कोणीच उघडलं नव्हतं. वर्तमानपत्रांतही या विषयावरच्या बातम्या वाचताना मला हाच संशय येतो, तुमच्यासकट, रागावू नका.

लाकडावर शिकणाऱ्यांसाठी इन्साइडवुड नावाची साइट आहे, ती तुमच्या यादीत नाहीच. सूक्ष्मदर्शकाखालचे लाकडाचे काप, हजारो फोटो. 1989 मध्ये लाकूड शरीरशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने रुंदपर्णी झाडांच्या लाकडाची 163 लक्षणं नंबर देऊन ठरवली, ती लक्षणं टाकत जायचं आणि यादी लहान होत जाते. आमची जुनी 'की' चालवायची पद्धतच, फक्त कुठल्याही लक्षणापासून सुरू करता येते. मुलीला ॲपपेक्षा हे जास्त आवडलं याचं मला आश्चर्य वाटलं, म्हणाली इथे आपण ओळखतो, ॲपमध्ये ते ओळखतं.

जनुकं वगैरे मला झेपत नाही म्हणून त्यावर बोलत नाही. व्हिडिओंबद्दलही एवढंच की पेशीविभाजन समजायला छान, झाड ओळखायला नाही. आणि ते उत्तरं देणारं चॅटवालं एआय, त्याला मुलीने संदर्भ मागितले तर त्याने पाच दिले, लेखकांची नावं, साल, पान नंबर, सगळं झोकात, त्यातले दोन कुठल्याच जर्नलमध्ये सापडेनात. दिलेला संदर्भ उघडून बघायचा, उघडत नसेल तर लिहायचा नाही, असा घरात नियम केलाय.

तर मागणी एवढीच आहे. झाडावरचा कुठलाही लेख छापाल, ललित असो की औषधी की बागकाम, त्यात एकदा तरी शास्त्रीय नाव छापा, आणि रोमन लिपीतच छापा, कारण देवनागरीत लिहिलेलं होलॅरिना कुठल्याच साइटला कळत नाही. मी इथे सगळी नावं देवनागरीतच लिहिलीत हे मला कळतंय, पत्र मराठी कीबोर्डवर टाइप करतेय, पण मी वर्तमानपत्र चालवत नाही. लेखकाला नाव माहीत नसेल तर तसं लिहा आणि फूल, फळ, पान तिन्हींचा फोटो द्या, वाचकांतले कोणीतरी कळवतील. मराठी नाव काढा असं मी म्हणत नाहीये, ते तर हवंच, उलट जेवढी असतील तेवढी द्या.

आणि त्या कुड्याच्या लेखकांना माझा निरोप द्या, लेख खरंच छान होता. झाडाला आता शेंगा धरल्या असतील तर जाऊन टोकं चिकटलेली आहेत का सुटी ते बघा म्हणावं, आणि पुढच्या रविवारी कळवा.

आपली,
एक जुनी वाचक