शिरोड्याच्या घरी, आई-बाबांना

21 सप्टेंबर

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

पत्र बघून घाबरू नका, तब्येत बरी आहे. फोनवर बोलता आलं असतं, पण बाबा फोन स्पीकरवर टाकून खळ्यात बसतात आणि मी काय जेवले ते शेजारच्या वाडीलाही कळतं. ही गोष्ट तुम्हा दोघांपुरती आहे. कायद्यानेही ती गुप्त ठेवायची असते, म्हणून कुणाचं नाव लिहीत नाही. ज्यांच्या हाताखाली मी सर्जरी शिकते त्यांना नुसतं 'सर' म्हणते, तेवढं पुरे.

चतुर्थीला माटवी बांधताना आईने दोनदा विचारलं, "काय झाला गे?" मी म्हटलं, झोप नाही. झोप नव्हतीच, पण कारण वेगळं होतं. येत्या गुरुवारी मी सरांविरुद्ध हॉस्पिटलच्या अंतर्गत समितीकडे, म्हणजे कामाच्या जागी बाईचा लैंगिक छळ झाला तर चौकशी करते तिच्याकडे, लेखी तक्रार देणार आहे. दुसऱ्या कुणाकडून कानावर येण्याआधी माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र.

3 जुलैची केस. पित्ताशयाचं ऑपरेशन दुर्बिणीने सुरू केलं, पण आत सगळं इतकं चिकटलेलं होतं की पोट उघडावं लागलं. बाबा, तुम्ही विचारता ना, ऑपरेशनमध्ये तू नक्की करतेस काय? निम्मा वेळ धरून उभी राहते. त्या दिवशी यकृत रिट्रॅक्टरने वर धरून ठेवायचं काम माझ्याकडे होतं, म्हणजे सरांना खालचं दिसेल. वेडावाकडा ताण बसला तर यकृत फाटतं आणि रक्त थांबवता थांबवता नाकीनऊ येतात. आणि एकदा हात धुऊन गाऊन-ग्लोव्हज चढवले की हात छाती आणि कमर यांच्यामध्येच ठेवायचे. कुणाला ढकलणं सोडाच, स्वतःच्या कपाळावरचा घामही पुसता येत नाही.

सर त्यांची जागा सोडून माझ्या मागे आले. "पकड चुकतेय" म्हणत मागून माझ्या हातावर हात ठेवला आणि तसेच उभे राहिले. पुढचं तक्रारीत सविस्तर लिहिलंय, इथे तुमच्यासमोर लिहवत नाही. पकड चुकलेली नव्हती. मी हलले नाही, कारण माझ्या हातात एका मासे विकणाऱ्या मावशीचं यकृत होतं.

एक गोष्ट मात्र सांगते, कारण ती मला राहून राहून आठवते. गाऊनची पाठ निर्जंतुक धरत नाहीत. म्हणून टेबलाशी जागा बदलताना स्क्रब झालेली दोन माणसं पाठीला पाठ करून सरकतात. पहिल्या आठवड्यात शिकवतात हे. म्हणजे कुणाच्या मागे अंगाला चिकटून उभं राहणं ऑपरेशन थिएटरच्या साध्या शिस्तीतही बसत नाही. मला हे शिकवलं होतं सरांनीच.

खोलीत आम्ही सहा जण होतो. भुलीचे डॉक्टर मॉनिटर बघत राहिले, वॉर्डबॉय मामा दिव्याकडे. फक्त सिस्टरांनी हत्यारांची ट्रॉली सरकवत आमच्यामध्ये घातली आणि म्हणाल्या, "सर, ही इकडेच लागेल." एवढंच. सर परत आपल्या जागी गेले.

ही पहिली वेळ नव्हती. फेब्रुवारीपासून चाललंय. एप्रिलमध्ये मी त्यांच्याबरोबर एकटीने जेवायला जायला नाही म्हटलं, त्यानंतर दोन महिने एकही हर्निया माझ्या वाट्याला आला नाही. आमच्यात केस मिळणं हाच पगार. कुणी उघडायचं, कुणी नुसतं धरायचं, हे सर ठरवतात, आणि लॉगबुकवर सहीही त्यांचीच लागते. माझ्याबरोबरचा मुलगा मे महिन्यात अपेंडिक्स एकट्याने काढत होता, मी त्याच्या बाजूला रिट्रॅक्टर धरून. मुलगा चांगला आहे, त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण डॉक्टरांची चेंजिंग रूम म्हणजे पुरुषांची, आम्ही सिस्टरांच्या खोलीत कपडे बदलतो. आणि पुढची केस कुणाची, हे दोन ऑपरेशनांच्या मध्ये, चहा पिताना, त्यांच्याच खोलीत ठरतं.

बाकीचं किरकोळ आहे, त्याची आता सवय झालीय. सहा नंबरचे ग्लोव्हज मागितले की स्टोअरमधला साडेसहाचे देतो. ऑपरेशनचा स्टेपलर एका हाताने दाबला जात नाही म्हणून मी दोन्ही हात लावले की "म्हणून सांगतो, गायनॅक घ्यायचं होतं." हत्यार मोठ्या हाताच्या मापाने बनवलंय, असं कुणी म्हणत नाही. राऊंडला टाके मी तपासते आणि पेशंट विचारतो, "सिस्टर, मोठे डॉक्टर कधी येतील?" त्याचं मी हसून सोडून देते, सिस्टर असणं काही कमी नाही. 3 जुलैला त्या खोलीत सिस्टरच तेवढ्या डॉक्टरांपेक्षा शहाण्या निघाल्या.

बाबा, तुम्ही काय म्हणाल ते मला ठाऊक आहे. मागे नुसती टोमण्यांची गोष्ट सांगितली होती तेव्हा म्हणालात, "जावंदे, गप रव, डिग्री हातात घे आधी." रागावू नका, पण पडवीत पाहुणा टेकला की चहा यायच्या आत तुम्ही त्याला 1930 सालचा शिरोड्याचा मिठाचा सत्याग्रह ऐकवता. मिठागरावर लाठ्या कशा बसल्या, पणजोबांनी सत्याग्रहींना पाणी कसं नेलं. त्या पणजोबांनाही कुणीतरी गप रव म्हटलंच असेल ना?

आणि ही एका हॉस्पिटलची गोष्ट नाही. 2023 साली ब्रिटनमधल्या सर्जनांची पाहणी प्रसिद्ध झाली. मागच्या पाच वर्षांत सहकाऱ्यांकडून लैंगिक छळ झाल्याचं त्यातल्या जवळपास दोन तृतीयांश स्त्रियांनी सांगितलं. मला त्याहून दुसरा आकडा जास्त लागला. उत्तरं देणाऱ्या पुरुषांपैकी 80 टक्क्यांहून जास्त जणांनी असं काही ना काही घडताना पाहिलं होतं. म्हणजे बघणारे सगळीकडेच असतात. ट्रॉली सरकवणारं एखादंच.

बाबा, पुढचं आईसाठी. तुम्ही वाचणारच, तर वाचा.

आई, माझ्या दहावीच्या वर्षी तू काजूच्या कारखान्यात जायचीस. बोटांना राख फासून काजू फोडायचीस, तरी चिकाने बोटांची सालं निघायची आणि भाकरी थापताना तू हात झटकायचीस. मग ऐन हंगामात, माझ्या क्लासची फी भरायची असताना, तू जायचं बंद केलंस. मी विचारलं तर म्हणालीस, "मुकादम बरो नाय," आणि चुलीत फुंकर घातलीस. त्यानंतर आपण घरीच आमसुलं वाळवायला लागलो. मला तेव्हा कळलं नव्हतं. आता कळलंय असं वाटतं. मी काही विचारत नाही, तूही सांगू नकोस, सांगावंसं वाटलं तरच सांग.

तेव्हा तुझ्या हातात काही नव्हतं. माझ्या आहे, आणि तेही तुझ्यासारख्याच एका खेड्यातल्या बाईमुळे. राजस्थानात भंवरीदेवी सरकारी योजनेत काम करायची, बालविवाह अडवायला गेली म्हणून 1992 साली तिच्यावर अत्याचार झाला. त्यातून पुढे 1997 साली सुप्रीम कोर्टाने विशाखा खटल्यात कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध नियम घालून दिले आणि 2013 साली कायदा आला. कारखान्यातल्या बायकांनाही तो लागू आहे. जिथे दहापेक्षा कमी माणसं कामाला असतात, तिथल्या बाईला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. तुमच्या गटाच्या बैठकीत हे जरूर सांग, माझं नाव न घेता.

घाई का, तेही सांगते. शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांत तक्रार द्यायची असते, माझी मुदत ऑक्टोबरच्या सुरुवातीला संपते. समिती कारण पटलं तर आणखी तीन महिने देऊ शकते, पण मला कारणं सांगत बसायचं नाही. चौकशी 90 दिवसांत संपवायची असते. सरांनी माझं मूल्यमापन करू नये, ते दुसऱ्या कुणी करावं, अशी शिफारस तेवढ्या काळापुरती मागता येते. तक्रारीतच मी ती मागितली आहे. उलटलं तर, ही बाबांची भीती मला माहीत आहे. खोटी तक्रार मुद्दाम केली तर शिक्षा आहे, पण केवळ सिद्ध झाली नाही म्हणून ती खोटी ठरत नाही, असं कायद्यातच लिहिलंय. तरी त्रास होणार हे धरून चालले आहे. अजून दीड वर्ष इथेच काढायचंय.

सिस्टरांना साक्षीदार म्हणून नाव घालू का, असं विचारायला मी दोन दिवस घाबरत होते. त्यांची नोकरीची दोन वर्षं राहिलीत. त्या जेवणाचा डबा उघडत होत्या. म्हणाल्या, "घाला. पूर्ण नाव घाला, आडनावासकट." आणि मला अर्धी बांगड्याची तुकडी दिली.

आता माझ्या दोनच मागण्या. बाबा, तुमच्या ओळखीचे ते ट्रस्टी आहेत, त्यांना फोन करू नका. माझ्या बाजूने बोलायलाही नको. आणि आत्याला, मामाला काही सांगू नका. "लग्नाचा काय?" हे ती दोघं तसंही विचारणारच आहेत, त्याला नवीन निमित्त नको.

तक्रारीच्या सहा प्रती द्याव्या लागतात. काल झेरॉक्स काढल्या. दुकानातला पोरगा पानं लावता लावता वाचायला लागला, तेव्हा मी त्याच्या हातातून घेऊन स्वतःच स्टेपल मारले. सातवी प्रत माझ्या कपाटात आहे.

आगळ संपलंय, येणाऱ्या कुणाबरोबर एक बाटली पाठवा. गुरुवारी मला फोन करू नका. रात्री नऊनंतर मीच करीन. आईने उचलला तर बरं.

तुमची,
बाय