विमा पहिल्या उड्डाणापासून हवा : नागरी विमान वाहतूक मंत्र्यांना खुले पत्र

माननीय मंत्री महोदय,

सप्रेम नमस्कार.

रेडिओ रिमोटने चालणारी मॉडेल विमाने उडवायला शिकवणाऱ्या आम्हा प्रशिक्षकांची मागणी एकच आहे : नवशिक्याला त्रयस्थ पक्ष विमा, म्हणजे दुसऱ्याला झालेल्या इजेची वा नुकसानीची भरपाई देणारा विमा, पहिल्या उड्डाणापासून मिळावा. हा विमा बहुधा क्लबच्या सदस्यत्वाबरोबर येतो. पण सदस्य व्हायचे की नाही, हे माणूस चार-पाच वेळा उडवून पाहिल्यावरच ठरवतो. म्हणजे हात सर्वांत कच्चा असतो, तेव्हाच विमा नसतो. घराच्या विम्यावर विसंबावे, तर त्यातल्या दायित्वाच्या कलमातून विमाने अनेकदा वगळलेलीच असतात.

याला खेळणे समजू नये. दीड मीटर पंखांचे शिकाऊ विमान साधारण 2 किलो भरते. सेकंदाला 15 मीटर वेगाने ते आदळले, तर 225 ज्यूल ऊर्जेचा तडाखा बसतो. 2 किलोचे वजन साडेअकरा मीटरवरून पडावे तेवढा.

नवशिक्याच्या चुका ठरलेल्या असतात. विमान समोरून आपल्याकडे येताना डावे-उजवे उलटते आणि हात चुकीकडे जातो. (जो पंख खाली गेला त्याच बाजूला रिमोटची स्टिक (दांडी) ढकलायची, हे आम्ही पहिल्या दिवशी शिकवतो, अंगवळणी पडायला वेळ लागतो.) वारा पाठीशी असताना विमान जमिनीच्या मानाने पळताना दिसते, म्हणून नवशिक्या थ्रॉटल (मोटरची ताकद) कमी करतो, हवेतला वेग घटतो आणि वळणावर विमान स्टॉल होते, म्हणजे पंखांची उचल जाऊन कोसळते. काही चुका उड्डाणाआधीच होतात : एलेरॉन (विमान कलवणाऱ्या पंखांवरच्या पट्ट्या) उलटे जोडलेले, फेलसेफमध्ये (सिग्नल तुटल्यावर आपोआप लागू होणाऱ्या मांडणीत) थ्रॉटल शून्यावर न लावलेला, रेडिओची रेंज न तपासलेली. प्रॉपेलर न काढता टेबलावर बॅटरी जोडली, तर बोटे जाऊ शकतात.

यातल्या हवेतल्या चुकांवर जोड-ट्रान्समीटर, म्हणजे प्रशिक्षक व विद्यार्थ्याचे एकमेकांना जोडलेले दोन रिमोट, हा खात्रीचा उपाय आहे. प्रशिक्षक स्प्रिंगचा स्विच दाबून धरतो तोवरच ताबा विद्यार्थ्याकडे असतो. सोडताच तो प्रशिक्षकाकडे परततो. मात्र विमान पुरेशा उंचीवर असले, तरच सावरायला वेळ मिळतो. कायद्याच्या दृष्टीने गोची इथेच आहे. अपघाताच्या क्षणी विमान कोण चालवत होते? स्विच सुटला होता की नाही, याचा पुरावा नसतो. मग विद्यार्थी सदस्य नाही आणि ताबा प्रशिक्षकाकडे नव्हता, असे म्हणून दावा दोन्हीकडून नाकारता येतो.

म्हणून संरक्षण व्यक्तीऐवजी शिकवणीच्या सत्राला द्यावे. नोंदणीकृत प्रशिक्षक, जोड-ट्रान्समीटर आणि ठरलेले मैदान, या 3 अटी पाळल्या की प्रशिक्षक व विद्यार्थी दोघेही पॉलिसीत यावेत, ताबा कोणाच्या हाती होता हे न पाहता. मुदत 60 दिवस किंवा पहिले एकट्याचे उड्डाण, जे आधी होईल ते. अल्पवयीन विद्यार्थी त्यात धरावेत. मैदानावरच्या दुसऱ्या सदस्याला झालेली इजाही धरावी, कारण सर्वांत जवळ तोच उभा असतो आणि 'त्रयस्थ' या शब्दाच्या अर्थावरून नेमका तोच वगळला जातो. मैदानावर चार्ज होणाऱ्या लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरीने आग लागल्यास काय, हेही स्पष्ट लिहावे. मोडलेल्या विमानाची भरपाई आम्ही मागत नाही. ती वगळली की हप्ता आवाक्यात राहील.

प्रत्येक सत्राआधी तारीख, दोघांची नावे, रेंज व फेलसेफची तपासणी वहीत नोंदवून सह्या करायला आम्ही तयार आहोत. दावा आल्यास ती वही विमा कंपनीने पुरावा म्हणून मान्य करावी, एवढी तरतूद नियमात घालावी.

आपले,
मॉडेल विमान प्रशिक्षक